नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि गल्लीतला काळू

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं जुनी माणसं सांगून गेली. कुत्र्याविषयी त्यांनी काही म्हणून ठेवलेलं नाही. ही त्यांच्या हातून झालेली चूक नव्हे, मुद्दाम ठेवलेली सवलत आहे, असं माझं मत जरीपटक्यात राहायला आल्यापासून पक्कं झालं आहे. नाग नदीचं मूळ लाव्याच्या टेकड्यांत आहे. तिथे जाऊन कोणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. ऋषींचा प्रश्न नागपुरात आता फारसा उद्भवत नाही. उरला कुत्रा. त्याच्या गालाच्या आतून एक काडी फिरवायची, ती नळीत बंद करायची, पाकीट परदेशी धाडायचं आणि दोन-चार आठवड्यांत त्याचं सगळं खानदान टक्केवारीसकट ई-मेलवर मागवायचं, ही या शतकात माणसाला सुचलेली सर्वांत निर्मळ कल्पना आहे. तिची थट्टा करणारे लोक आहेत. त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

किंमत शंभर ते दोनशे डॉलरच्या घरात. तेवढ्या पैशांत त्याच कुत्र्याला जन्मभर पुरेल एवढी रेबीजची लस येते, हा आक्षेप मी ऐकला आहे. पण लस टोचून कुत्रा निरोगी राहतो, कुलीन होत नाही. शिवाय लसीची चिठ्ठी कोणी दिवाणखान्यात फ्रेम करून लावल्याचं पाहिलंय का?

महाराष्ट्रात माणसाला आपली जात सिद्ध करायची असेल तर काय सोसावं लागतं, ते ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना विचारा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा हवा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं बाड घेऊन जात पडताळणी समितीच्या दारात उभं राहायचं. त्यात आजोबांच्या नावात एका कागदावर काना आणि दुसऱ्यावर वेलांटी निघाली, की झालं. कुत्र्याला यातलं काही लागत नाही. आजोबा कोण हेच ठाऊक नसताना आजोबांची जात कळते. तलाठी नाही, शपथपत्र नाही, झेरॉक्स नाही. थुंकी पुरते.

आणि सोय किती! माणसाला जात विचारणं आता सभ्य घरांतून बंद झालं आहे. आडनाव विचारतात, आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारतात, गावावरूनही कळलं नाही तर लग्नात जेवायला काय होतं ते विचारतात. एवढी घुसमट सोसणाऱ्या समाजावर कुत्र्याचे मोठे उपकार आहेत. दयानंद पार्कापाशी सकाळी फिरायला निघालेल्या अनोळखी माणसाला थांबवून ‘जात कोणती हो?’ असं भर रस्त्यात, मोठ्या आवाजात विचारता येतं. ‘मिक्स आहे’ असं उत्तर आलं, तर आपल्या चेहऱ्यावर जे उमटतं ते लपवावंही लागत नाही. उलट समोरचाच ओशाळतो आणि सांगू लागतो, की आई तरी नक्की लॅब्रेडॉर होती.

या कार्याला जरीपटक्यासारखी जागा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे वसली. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांना कागदाचं महत्त्व कोणी शिकवायला नको. १९५० च्या कायद्याखाली त्यांनी क्लेम भरले: शिकारपूरला दुमजली घर, सक्करला दुकान, पण कागद? कागद तिकडेच राहिला. मग बिनकागदाच्या या लोकांनी दुकानं टाकली, पोरं शिकवली, लग्नं लावली, आणि एवढ्या वर्षांत मागे वळून कोणत्याही प्रयोगशाळेला काही विचारलं नाही. त्यांच्या नातवंडांच्या हातात आता चार पैसे आले आहेत आणि कागदाची राहून गेलेली हौस कुत्र्यावर भागवायची वेळ आली आहे. पलीकडे इंदोरा. तिथल्या लोकांना कूळ विचारणाऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर त्यांनी त्या प्रश्नाला लाखोंच्या संख्येने उत्तर देऊन टाकलं. त्यामुळे रस्त्याच्या त्या बाजूला या किटचं महत्त्व पटवून देणं जरा जड जातं.

मुळात ही गरज निर्माण कशी झाली, त्याचा शोध मी घेतला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ ला मोकाट कुत्र्यांबाबत एक आदेश दिला. ज्यांना अशा कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत, महापालिकेत रीतसर नोंद करावी, नाहीतर दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या सक्तीला स्थगिती दिली. पण तेवढ्या अवधीत काही कुत्री उंबरठा ओलांडून आत आली होती. रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी जात विचारत नाही. तोच सोफ्यावर बसला, की आलागेला विचारतो. आमच्या शेजारच्या दादांचा काळू असाच आत आला. आत येताच त्याचा ब्रूनो झाला. नाव बदललं तरी पाहुण्यांची नजर बदलेना, म्हणून न्यू जर्सीच्या मेहुण्याला निरोप गेला, आणि दिवाळीला तो बदाम, चॉकलेटं आणि दोन किट घेऊन उतरला. दोन घेतल्या तर सूट होती.

लाळ काढायच्या आधी अर्धा तास कुत्र्याला काही खायला द्यायचं नसतं. ब्रूनोला लहानपणापासून जी एकच शिस्त ठाऊक होती ती मिळेल तेव्हा खाण्याची. त्यामुळे हा अर्धा तास त्या घराने कसा काढला ते इथे लिहीत नाही. शेवटी दोघांनी धरला, एकाने जबडा उघडला, एकाने काडी फिरवली आणि मेहुण्याने मोबाईलवर सेकंद मोजले. घरातली एवढी माणसं एका कामासाठी एकत्र आलेली मी यापूर्वी फक्त जीएसटीच्या वेळी पाहिली होती.

आता थोडं शास्त्र. पेशींतून डीएनए काढतात, त्यावरच्या दोन लाखांहून अधिक खुणा वाचतात आणि कंपनीच्या संग्रहातल्या शुद्ध जातींशी त्या ताडून पाहतात. जो तुकडा ज्या जातीशी जास्त जुळेल तो तिच्या नावावर. संग्रहात साडेतीनशेच्या वर जाती असतात आणि त्यांतल्या बहुतेक साहेबाच्या मुलखातल्या. ज्याचं गाव वेळापत्रकातच नाही त्याला गार्ड जवळच्या स्टेशनावर उतरवून देतो, तसं संग्रहात नसलेल्या कुत्र्याचं होतं. त्याचं स्टेशन चाऊ चाऊ निघालं तर दोष त्याचा.

या शुद्ध जातींचं वय किती, असा खवचट प्रश्न काही जण विचारतात. कुत्र्यांचं पहिलं नावाजलेलं प्रदर्शन १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसलला भरलं, आणि लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. कुत्रा माणसाच्या सोबत आहे तो किमान पंधरा हजार वर्षं. म्हणजे त्यातली सुमारे चौदा हजार आठशे वर्षं बिचाऱ्यांनी आपलं कूळ न कळताच काढली. कशी काढली असतील, कल्पना करवत नाही. साहेबाने मग नोंदवह्या घातल्या. आपल्याकडे जुनी घराणी कुलवृत्तांत छापतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की कुलवृत्तांतवाले सगोत्र सोयरीक टाळतात आणि नोंदवहीवाल्यांना तिच्याशिवाय शुद्धता गवसत नाही. या तपश्चर्येला फळही आलं. २००५ साली ‘नेचर’मध्ये कुत्र्याच्या जनुकांचा पहिला तपशीलवार नकाशा छापून आला, तो ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा. तीच का? तर तिला आईकडून आणि बापाकडून मिळालेल्या प्रतींत फरक फार थोडा होता, त्यामुळे वाचायला सोपी. इतक्या पिढ्यांच्या घरातल्या घरात झालेल्या लग्नांचं शेवटी चीज झालं.

आमच्याकडची कुत्री वाचायला अवघड. भाद्रपदात इंदोरा ते मानकापूर जे सोहळे भर रस्त्यात, वाहतूक अडवून चालतात, त्यांची नोंदवही कोण ठेवणार? एकाच वेतातल्या पिलांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे तर शास्त्रालाही मान्य आहे. म्हणजे एका आईच्या पाच पिलांना तीन कुलवृत्तांत लागायचे.

त्यात कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी घोळ वाढवून ठेवला आहे. त्यांनी ३८ देशांतल्या ५४९ गावकुत्र्यांचं रक्त तपासलं आणि २०१५ साली जाहीर केलं, की भारतातल्या काही गावकुत्र्यांत युरोपी जातींची भेसळ जवळपास नाहीच. म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षं तुच्छतेने मिश्र म्हणत आलो, तो मिश्र नाही. कशाचाच नाही. तो नुसता कुत्रा आहे, सगळ्या जाती निघायच्या आधीपासूनचा. इतका मोठा अपमान आमच्या गल्लीतल्या कोणत्याही मालकाने आपल्या कुत्र्याचा होऊ दिला नसता. चांगल्या कंपन्या आता प्रामाणिकपणे ‘दक्षिण आशियाई गावकुत्रा’ असा रकाना ठेवतात. शंभर डॉलर आणि एवढा प्रवास करून कळतं, की इथला कुत्रा इथलाच आहे. घरबसल्या हे कोणी फुकटात सांगितलं असतं तर त्यावर विश्वास कसा बसला असता?

देशी खानदानच हवं तर मुधोळ आहे, लातूरकडचा कारवानी आहे, असं कोणी सुचवतं. २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळचं नाव घेतलं तेव्हा आमच्याकडेही थोडी चुळबुळ झाली होती. पण मुधोळ कितीही खाल्लं तरी उपाशी दिसतो. जरीपटक्यात एखाद्याच्या दारात उपाशी दिसणारा प्राणी असणं ही त्या घराच्या स्वयंपाकघरावर टीका आहे.

टक्केवारीचा खरा उपयोग स्वभाव कळण्यासाठी. माझ्या ओळखीत एक कुत्रा आहे, त्याच्या रिपोर्टात सहा टक्के सायबेरियन हस्की निघाला. तेव्हापासून घरच्यांना एक जुनं कोडं सुटलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, की तो दिवसभर कूलरसमोर पडून असतो आणि उठवलं तर गुरगुरतो. बर्फाळ प्रदेशाची ओढ, दुसरं काय. मीही मे महिन्यात कूलरसमोर पडून असतो आणि उठवलं तर गुरगुरतो. माझ्याकडे रिपोर्ट नाही, म्हणून माझ्या बाबतीत त्याला आळस म्हणतात. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे डीएनए वाचून एक अभ्यास छापून आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो, असा त्याचा निष्कर्ष. बाकीचा उलगडा कुत्र्याकडे पाहत बसून करावा लागतो, आणि तेवढा वेळ आहे कोणाला? असल्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करण्यासाठी जी निष्ठा लागते तिचं कौतुक व्हायला हवं. शिवाय नऊ टक्के काही कमी नाहीत. एवढं व्याज हल्ली बँक देत नाही.

निंदकांचं आवडतं उदाहरण बॉस्टनचं आहे. तिथल्या डब्ल्यूबीझेड वाहिनीच्या बातमीदार बाईंनी २०२४ मध्ये स्वतःच्याच गालाची लाळ कुत्र्याची म्हणून एका कंपनीकडे पाठवली. उत्तर आलं: ४० टक्के अलास्कन मालाम्यूट, ३५ टक्के शार पे, २५ टक्के लॅब्रेडॉर. यावर लोक हसतात. मला त्यात त्या कंपनीची उदारता दिसते. दारी आलेल्या कोणालाही ती कुळावाचून परत पाठवत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं स्थळं पाहून थकलेल्या घरांना हा पत्ता द्यायला हरकत नाही. ४० टक्के मालाम्यूट म्हटल्यावर निदान मंगळाचा विषय तरी निघणार नाही.

पुराणातच ही सोय असती तर किती घोळ टळले असते. धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढून गेलेल्या कुत्र्याची जात महाभारताने दिलेली नाही, ही मोठी त्रुटी आहे. स्वर्गाच्या दारात इंद्राने कुत्र्याला आत घ्यायला नकार दिला, धर्मराज त्याच्यावाचून आत जायला तयार होईना, केवढा वाद झाला. एक काडी फिरवली असती तर रिपोर्ट आला असता, ‘यमधर्म, १०० टक्के’, आणि विषय तिथेच मिटला असता. धर्मराजाला आपल्या सोबत्याविषयी काहीच ठाऊक नसताना त्याची बाजू घ्यावी लागली. आपल्यावर ती वेळ येऊ नये.

रिपोर्टाचे धोकेही आहेत, ते लपवत नाही. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं, आणि त्यांत या जातींचे संकरही धरले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्र रद्द केलं. पण मधल्या दिवसांत चार टक्के रॉटवायलर निघालेल्या माणसाची अवस्था पाहण्यासारखी असणार. पाहुण्यांना तो कागद दाखवावासा वाटणार आणि बेल वाजली की गादीखाली सारावासा वाटणार. स्वतःच्या खर्चाने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करून घेण्याची ही संधी एरवी फक्त आयकर खात्याकडे मिळते.

तर ब्रूनोचा रिपोर्ट आला. बहात्तर टक्के दक्षिण आशियाई गावकुत्रा, अकरा टक्के लॅब्रेडॉर, आठ टक्के जर्मन शेफर्ड आणि उरलेला ‘सुपरमट’. हा शेवटचा रकाना कंपनीनेच काढलेला आहे. इतक्या पिढ्यांचं इतकं थोडं थोडं, की कोणाचं ते सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. पण दादांना ‘सुपर’ एवढंच दिसलं. त्यांनी आकडे नीट अभ्यासले आणि आठवडाभरात आलेल्या सगळ्यांना सांगितलं, ‘‘जर्मन शेफर्ड आहे. थोडा मिक्स.’’ बाकीचे ब्याण्णव टक्के त्यांनी त्या ‘थोडा’मध्ये बसवले. शेअर बाजारात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसालाच हे जमतं. ब्रूनोचा आता रेक्स झाला आहे. काळू म्हणून हाक मारली तरच येतो, हा भाग वेगळा.

मग त्याच्या भावाचा प्रश्न निघाला. एकाच वेतातला दुसरा, तो अजून बाहेर, दाल-पकवानच्या गाडीखाली असतो. एका पायाने अधू आहे. धाकट्या मुलीचं म्हणणं, की दुसरी किट पडूनच आहे, तर तिच्यात त्याची लाळ पाठवावी. तोही आठ टक्के जर्मन शेफर्ड निघाला तर त्यालाही घरात घ्यावं लागेल, खानदानाचाच आहे. घरात बैठक झाली. न निघाला तर रेक्सच्या आठ टक्क्यांबद्दल लोक काय म्हणतील, हाही मुद्दा आला. सगळ्या बाजूंनी विचार होऊन ठरलं, की गाडीखालच्याची तपासणी करायची नाही. त्याला वाटलं तर पकवानचा तुकडा टाकायचा, तो तसाही रोज टाकतातच.

पण आणलेली किट वाया कशी जाऊ द्यायची? ती वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पाठवली. त्यांच्याकडे पांढरा, केसाळ, दिवसभर गॅलरीतून रस्त्यावर ओरडणारा पॉमेरियन आहे. ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीपासून अशा कुत्र्यांना अख्खं नागपूर पॉमेरियन म्हणत आलं आहे आणि त्यांतली बहुतेक सगळी इंडियन स्पिट्झ असतात, टफीसुद्धा. दादांच्या मुलाने हे कुठेतरी वाचलं होतं आणि किट देताना मोठ्या उत्साहाने काकूंना सांगितलंही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, त्याला सरबत दिलं आणि संध्याकाळी डबा, सील न फोडता, वर कोकीची दोन पानं ठेवून खाली परत पाठवला. सोबत निरोप होता: ‘‘बेटा, हमारा पॉमेरियन है. हमको पता है.’’